घरच्या मेलची गाळणी

"खोटं बोलू नकोस, स्नेहल! महाडहून तुमच्या घरच्या मेलवर मी सगळे फोटो पाठवले होते. दोनदा!"

"आणि मी सांगते, एकही आलेला नाही!"

दिवाळीच्या सुट्टीत आतेभाऊ यशराज तिच्या गावी, कापड्याला आला आणि आल्या आल्या भांडण जुंपलं. रायगड चढायला जायचं होतं, म्हणून त्याने वाटेचे फोटो पाठवले होते.

"आपल्या मेलवर हल्ली काहीच येत नाही," स्नेहलचा धाकटा भाऊ हर्षद म्हणाला. "लॉटरी लागल्याचंसुद्धा नाही!"

यशराज भांडण विसरला. "जाहिरातीसुद्धा नाहीत? मग काहीतरी गडबड आहे!"

त्या घरात एरवीही हसणं कमी झालं होतं. स्नेहलचा थोरला भाऊ अक्षय मालवाहू जहाजावर खलाशी होता. बंदर आलं की तो फोन करायचा, नाहीतर मेलवर दोन ओळी लिहायचा. पण बरेच दिवस फोन नव्हता, मेलही नव्हता. आईने यंदा चकलीचा सोऱ्या माळ्यावरून काढलाच नव्हता.

मेलच्या बंदोबस्ताचं काम मुरारीकाकांचं. वडील गेल्यापासून घर तेच सांभाळत. पावसाळ्यात त्या मेलवर एक भयंकर निरोप आला होता. 'तुमचा मुलगा परदेशी तुरुंगात आहे, सोबतच्या लिंकवर बँकेची माहिती भरा!' आई रडून अर्धी झाली. नंतर कळलं, अक्षय सुखरूप होता आणि मेल भामट्यांचा होता. काका असे संतापले, की त्यांनी आपल्या, म्हणजे घरातल्या एकमेव फोनचा नंबर बदलला आणि महाडच्या एका दुकानदाराकडून मेलला स्पॅमची सगळ्यात कडक गाळणी बसवून घेतली. "आता फालतू एक अक्षर आत येणार नाय!" असं सांगून ते मोकळे झाले. पुन्हा काही तिकडे पाहिलं नाही.

"चाचणी घेऊ!" यशराजने आपल्या फोनवरून मेल धाडला. तिघं जुन्या कॉम्प्युटरसमोर बसून राहिली. काही आलं नाही. स्नेहलने सेटिंग्ज उघडली आणि ती वाचता वाचता थबकली.

"हे बघा! ओळखीच्या यादीत नसलेला प्रत्येक मेल थेट कचऱ्यात. आणि यादीत पत्ता एकच, अक्षयदादाचा!"

"मग दुसऱ्या कुणी दादाबद्दल कळवलं असेल तर?" हर्षदने विचारलं.

स्नेहलने कचरा उघडला. कर्ज घ्या, बक्षीस जिंका, गोळ्या घ्या! त्या गर्दीत यशराजचे फोटोही होते. आणि त्याखाली एक इंग्रजी मेल, अक्षयच्या जहाजाच्या नावाने आलेला. 'नीलसागर'.

स्नेहलने अडखळत वाचलं, "अक्षय गंभीर आजारी आहे. त्याला बंदरावरच्या रुग्णालयात दाखल केलं आहे. आपला फोन लागत नाही. कृपया खालच्या नंबरवर तातडीने संपर्क करा."

"बंद करा ते!" मागून काकांचा आवाज आला. त्यांनी वाकून मेल पाहिला. "तसलाच भामटा असणार हा. वहिनीला यातलं कळलं तर खबरदार! आधीच तिची दशा बघवत नाय."

"आणि खरा असला तर, काका?" स्नेहलने विचारलं.

काका खांद्यावर पंचा टाकून भात कापणीला निघून गेले.

"फोन करायचा का त्या नंबरवर?" यशराज कुजबुजला.

"अजिबात नाही! मेलमधल्या नंबरवर भामटाच बोलला तर? आपल्या ओळखीच्या माणसाला विचारायचं," स्नेहल म्हणाली.

"चंदूदादा!" हर्षद ओरडला. पोलादपूरचा चंदू पूर्वी त्याच जहाजावर होता आणि आता रजेवर घरी आला होता.

यशराजने फोनमध्ये मेलचा फोटो काढला. तिघांनी सायकली काढल्या. वळणावर वळणं मागे टाकत ती चंदूच्या घरी पोचली.

चंदूने मेल नीट वाचला. "पत्ता जहाजाचाच दिसतो गो. पण पत्त्याचं सोंगही काढतात लोक. थांब, हापिसात विचारतो." कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसचा नंबर त्याच्या फोनमध्ये होता. तो उभ्यानेच बोलू लागला आणि बोलता बोलता पायरीवर बसला.

"खरं हाय," तो म्हणाला. "अपेंडिक्स फुटलं अक्षयचं. एक ऑपरेशन झालं, दुसरं आज हाय. त्याचा फोन जहाजावरच राहिला, काकांचा नवा नंबर त्याला पाठ नाय. आईशी बोलल्याशिवाय आत जात नाय म्हणतो. रुग्णालयातून फोन जोडून देतायत. कोणता नंबर देऊ?"

"काकांचा!" हर्षद म्हणाला.

"नको!" स्नेहल जवळजवळ किंचाळली. "दुकानदाराने त्यांच्या फोनवरही अनोळखी नंबर बंद करून ठेवलेत. तो वाजणारच नाही! तुमचा द्या, चंदूदादा, आणि आपणच शेतावर आईकडे जाऊ!"

चंदूने मोटारसायकल काढली. स्नेहल मागे बसली आणि फोन तिने दोन्ही हातांत घट्ट धरला. वाटेत वाजला तर? वाजून बंद पडला तर? वळणावर समोरून ट्रक आला, चंदूने गाडी कडेला दाबली आणि पुन्हा सोडली. शेत दिसताच स्नेहलने उडी मारली आणि बांधावरून धावत सुटली. तोच फोन वाजला!

"आई! दादाचा फोन!"

आईच्या हातातला विळा खाली पडला. काका पेंढी टाकून धावत आले. फोनमधून अक्षयचा आवाज आला, अगदी बारीक, दुरून आल्यासारखा. "आई, मला भीती वाटते गं."

आईने फोन तोंडाजवळ धरला. "भिऊ नको रे बाळा. डॉक्टर सांगतील तसं कर. मी हाय हितंच, फोनपाशी. तू उठलास की पयला माझ्याशी बोल."

फोन बंद झाला तेव्हा ती खाली कापलेल्या भातावर बसली. काकांनी तिच्यापाशी जाऊन मान खाली घातली. "वहिनी, मेल आला होता. माझ्यामुळेच कचऱ्यात गेला." आईने नुसता त्यांच्या हातावर हात ठेवला. सायकलवाले दोघं धापा टाकत पोचले, तेव्हा शेतात कुणीच कापणी करत नव्हतं.

संध्याकाळी चंदूच्याच नंबरवर फोन आला. ऑपरेशन पार पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी तिघांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. "आता गाळणी कोणती ठेवायची ते तुम्हीच ठरवा."

"काढूनच टाका!" हर्षद म्हणाला.

"म्हणजे तुरुंगवाले पुन्हा हजर!" यशराज म्हणाला. "मामा, दुकानदार सांगतो ती विकतची घ्यायची का?"

"त्यापेक्षा मेलसोबत मिळते तीच वापरू, पण मधल्या जोरावर," स्नेहल म्हणाली. "आपण खूण करत गेलो की ती शिकत जाते. संशय आला तर मेल बाजूच्या पेटीत ठेवायचा, लगेच पुसायचा नाही. जहाजाचा आणि ऑफिसचा पत्ता ओळखीत घालायचा. आणि वाईट बातमी आली, की आपल्या माहितीच्या नंबरवरच विचारायचं."

"मग ती पेटी रोज बघायची कुणी?" काकांनी विचारलं.

"मी बघीन," आई दारातून म्हणाली.

सगळे वळून पाहू लागले. "वहिनी, तिथं इंग्रजी असतं."

"माझ्या पोराचं नाव तरी ओळखीन ना?"

स्नेहलने तिला कागदावर अक्षयचं नाव इंग्रजीत लिहून दिलं. आई रोज दिवेलागणीआधी त्या पेटीतल्या ओळींवरून बोट फिरवत बसे. कर्ज, बक्षीस, गोळ्या. सुट्टी संपायच्या आत एका संध्याकाळी तिचं बोट थांबलं.

"स्नेहल! ये गो लवकर! हे बघ, हेच ना त्याचं नाव?"

मेल रुग्णालयाचा होता. अनोळखी पत्ता, म्हणून गाळणीने तो बाजूला टाकला होता. काकांनी आधी कंपनीच्या ऑफिसला फोन करून खात्री केली, मगच स्नेहलने तो उघडून वाचला. अक्षयला घरी पाठवत होते.

काका तिघांच्या पाठीवरून आळीपाळीने हात फिरवत म्हणाले, "मी दार बंद केलं नि निश्चिंत झालो. तुम्ही पोरांनी बाहेर कोण उभं हाय ते पाहिलंत. शाबास रे!"

आई मात्र पडद्याकडेच बघत होती. "पुन्हा एकदा वाच गो," ती म्हणाली.