दोन पाकिटांची पत्रिका

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात, जिथे एके काळी गिरणीचा भोंगा ऐकून घराघरात चुली पेटत, तिथल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर संबोधीचा स्टुडिओ होता. स्टुडिओ हा शब्द तिचा. गल्ली त्याला दुकान म्हणे आणि पत्ता सांगताना ‘वो शादी के कार्डवाली मॅडम’ म्हणे. लग्नाची पत्रिका आणि तिच्याशी जुळणारं बाकीचं सगळं (मिठाईच्या डब्याचं झाकण, पाण्याच्या बाटलीवरची पट्टी, जेवणाचा मेनू, शेवेच्या पुड्यावरचं लेबल) ती एकाच रंगात, एकाच नक्षीत करून देई. नवराबायकोचं पुढे जुळो न जुळो, कागद जुळलेले असत.

पुष्कर पहिल्यांदा तिथे आला त्या दिवशी जिन्यापाशी कागदाचा टेम्पो उभा होता. बाह्या दुमडलेला, घामाघूम झालेला हा माणूस टेम्पोशेजारी थांबून वर बघत होता. संबोधीने वरून पाहिलं आणि म्हणाली, “हां भिया, आणा वरती. जरा संभाल के. कोपरे दबले तर मी माल घेणार नाही.”

पुष्कर पीथमपूरच्या एका कारखान्यात इंजिनीअर होता. सूचना स्पष्ट असली की ती पाळायची, एवढं त्या कारखान्याने त्याला शिकवलं होतं. त्याने एक गठ्ठा वर नेला. मग दुसरा. दुसऱ्या गठ्ठ्यानंतर तिने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि व्यापाऱ्याने माणूस बदलला का, असं विचारलं. त्याने पाणी पिऊन सांगितलं की तो बहिणीच्या लग्नाची पत्रिका करायला आलाय. बहिणीचं नाव स्पृहा.

संबोधी हळूच गठ्ठ्यावर बसली. स्पृहा तिची होणारी वहिनी होती, पण वहिनीच्या भावाला तिने आजवर पाहिलं नव्हतं.

“मग उचललंत कशाला?”

“तुमचा आवाज तसा होता...”

अशा वेळी प्रेमकथेत सर येते. पण फेब्रुवारी चालू होता आणि इंदूरच्या आकाशाला त्या दिवशी काही कामधंदा नव्हता. खालच्या छापखान्यात कागद कापायच्या मशीनचं पातं खाटकन् पडलं, आणि ताज्या शाईचा वास जिन्यावरून वर आला. त्यावरच भागवावं लागलं.

स्पृहा आणि संबोधीचा मोठा भाऊ ज्ञानदीप भंवरकुआं भागातल्या एका कोचिंग क्लासमध्ये शिकवत. ती रसायनशास्त्र, तो गणित. दोघांचं जमलं ते स्टाफरूममध्ये, आणि घरच्यांचं जमायला वर्ष लागलं. ज्ञानदीपचे वडील चांगदेवराव महूचे. त्यांचे वडील फौजेत, ते स्वतः फौजेच्या स्टोअर ऑफिसात हेडक्लार्क. घर पक्कं बौद्ध. स्पृहा-पुष्करची आई मनोरमाबाई सांगलीच्या निवृत्त शिक्षिका. वडील नव्हते, म्हणून त्या मुलांकडे इंदूरला राहायला आलेल्या, आणि त्यांच्याबरोबर आलेले देवघरातले गणपती. वर्षभर दोन्ही बाजूंनी पुष्कळ विचार झाला, थोडं रडणं झालं, आणि अखेर चांगदेवराव आणि मनोरमाबाई, दोघांनी होकार दिला. तेव्हापासून दोघंही भेटेल त्याला आपण कसे पुढारलेल्या विचारांचे आहोत ते सांगत असत.

राहिली होती फक्त पत्रिका.

मनोरमाबाईंचं म्हणणं, वर गणपती नसेल तर ती पत्रिका कसली, नोटीसच. चांगदेवरावांचं म्हणणं, वर तथागत आणि बाबासाहेब, आणि त्या कागदावर दुसरं कोणी नाही. दोघंही हे अतिशय नम्रपणे म्हणत, त्यामुळे तोडगा निघणं आणखी अवघड झालं. भांडणाऱ्यांची समजूत घालता येते.

ज्ञानदीपने हात वर केले. स्पृहा म्हणाली, मी वर्षभर बोललेय, आता माझा घसा बसलाय. म्हणून काम पुष्कर आणि संबोधीवर पडलं. तो मुलीकडचा, ती मुलाकडची, आणि मध्ये एक कोरा कागद.

तोडगा संबोधीने काढला. पत्रिकेवर कोणीच नाही. आत नुसतं, ‘आमचं लग्न आहे, या.’ आणि एक पिंपळपान. नावं, तारीख आणि चित्रं पाकिटावर. महूकडे जाणाऱ्या पाकिटावर तथागत आणि बाबासाहेब, सांगलीकडे जाणाऱ्या पाकिटावर गणपती. आतलं पान एकच. पिंपळपान पाहून चांगदेवराव म्हणाले, बोधिवृक्षाचं, उत्तम. मनोरमाबाई म्हणाल्या, आपल्या पारावरच्या पिंपळाचं, छान. संबोधीने दोघांनाही ‘हो’ म्हटलं, आणि ते दोन्ही वेळेला खरं होतं.

इथे काम संपायला हवं होतं. पण पुष्करला पानाचा हिरवा रंग पटेना.

तो दर शनिवारी कारखान्यातून सुटला की प्रूफ बघायला येई. एकदा हिरवा फार हिरवा वाटला. संबोधी म्हणाली, भिया, त्याहून कमी केला तर तो पिवळा होईल. पुढच्या शनिवारी तो पिवळा वाटला. मग देठ जरा डावीकडे हवा होता. देठ डावीकडे गेल्यावर पानाला एकटं वाटतंय की काय, अशी शंका त्याला आली. संबोधीने शांतपणे चष्मा वर सरकवून विचारलं, की तुमच्या कारखान्यात गिअरबॉक्सलाही असंच विचारता का.

“नाही. गिअरबॉक्सला सोबत असते.”

ती हसली नाही. पण तिने देठ परत उजवीकडे नेला आणि चहा मागवला.

त्याला एका गोष्टीचा त्रास होत होता, तो ‘भिया’चा. इंदुरात भिया, म्हणजे भाऊ, रिक्षावाल्यालाही म्हणतात, बँक मॅनेजरलाही म्हणतात, तसं मनावर घ्यायचं कारण नसतं. पण पुष्कर सांगलीचा. त्याने मनावर घेतलं. एका शनिवारी बाटलीवरच्या पट्ट्या सुकायला दोरीवर टांगताना ती म्हणाली, “पुष्कर, तो चिमटा द्या,” आणि भिया कुठे दिसला नाही. त्याने चिमटा दिला. चिमटा घेताना तिची शाई त्याच्या अंगठ्याला लागली. रविवारी त्याने हात धुताना तो अंगठा वगळला, असं त्याच्या आईने पाहिलं. शिक्षिका होत्या, मुलांच्या हातांवरची शाई त्यांनी आयुष्यभर तपासली होती.

संबोधीही काही कमी नव्हती. तिच्या हातचं प्रूफ एरवी पहिल्यांदाच साफ असे. या एका कामात मात्र कधी शेवेचं लेबल पुड्याला अपुरं पडे, कधी मेनूमधली मिठाई दुसऱ्याच कोणाच्या लग्नातली निघे. “सॉरी हां, परत यावं लागेल तुम्हाला,” ती म्हणे. तो म्हणे, आता काय करणार.

इतकं होऊनही दोघांपैकी कोणी काही बोललं नाही. त्याला कारण होतं. स्पृहाने घरात सर्वांसमोर सांगून ठेवलं होतं, “हे बघा, आम्हाला वर्ष लागलंय. लग्न होईपर्यंत कोणीही, काहीही, नवीन काढायचं नाही.” हे बोलताना तिने मुद्दाम कोणाकडे पाहिलं नव्हतं, पण पुष्करला ते लागलं. त्याने काही बोलावं आणि त्या एका वाक्यापायी ताईचं जमलेलं लग्न मोडावं, हे त्याला परवडणारं नव्हतं. आणि न बोलावं, तर पत्रिका छापून झाली की त्याला परदेशीपुऱ्यात यायला काही कारण उरणार नव्हतं. म्हणून तो हिरव्या रंगाला धरून बसला होता. पण लग्न मेमध्ये होतं, आणि हिरव्या रंगालाही शेवटी मर्यादा असते.

मार्चच्या एका सकाळी दोन्ही घरची वडीलधारी शेवटचं प्रूफ पास करायला स्टुडिओत आली. आईला घेऊन पुष्करही आला होता. चांगदेवरावांनी पत्रिका उभ्याने, फौजेतला हुकूम वाचावा तशी वाचली. त्यात चारच शब्द असल्यामुळे ते वाचन लवकर संपलं. मनोरमाबाईंनी पान उजेडात धरलं आणि रंग सुरेख आहे म्हणाल्या. दोघांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. मग पत्रिका खाली ठेवत त्या सहज म्हणाल्या,

“चला, झालं. आता तुला दर शनिवारी इतक्या लांब यायला नको, पुष्कर.”

पुष्करने पत्रिका पुन्हा उचलली आणि देठ बघू लागला. संबोधी फुटपट्टी पुसू लागली. ती फुटपट्टी आधीच स्वच्छ होती.

मनोरमाबाईंनी मुलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग त्याच्या अंगठ्याकडे. चांगदेवरावांनी मनोरमाबाईंकडे पाहिलं. हेडक्लार्कला न लिहिलेला अर्जही वाचता येतो. ते म्हणाले, “नाही मनोरमाताई. ते आमच्याकडे चालायचं नाही.”

“आमच्याकडे तरी कुठे चालतंय,” मनोरमाबाई घाईने म्हणाल्या. “मुलगी द्यायची आणि त्यांचीच मुलगी आणायची. सांगलीत लोक म्हणतील, साटंलोटं केलं.”

“आटा-साटा म्हणतात इकडे. सांवेरच्या खेड्याखेड्यांतून मी त्याच्याविरुद्ध भाषणं दिलीत. एकीचं सासरी बिनसलं की दुसरीची काही चूक नसताना तिलाही माहेरी आणून बसवतात. अशा मुली पाहिल्यात मी. आणि आता माझ्याच घरात?”

अशा रीतीने, जो प्रस्ताव कोणीच मांडला नव्हता, तो दोन्ही पक्षांनी एकमताने फेटाळला. जात ओलांडून आलेली दोन माणसं साट्यालोट्यापाशी येऊन थांबली होती.

पुष्करचा चेहरा पांढरा पडला. त्याच्या डोळ्यांसमोर ताई होती. तो म्हणाला, काका, आम्ही काही बोललेलो नाही, तुम्ही ताईच्या लग्नाचं काही मनात आणू नका. आणि तो उठला. तो जिन्याकडे वळलाही होता.

संबोधीने फुटपट्टी खाली ठेवली. तिला चुकीची मांडणी सहन होत नसे.

“पप्पा, आटा-साटा कोण ठरवतं?”

“बाप ठरवतात. आणखी कोण?”

“मुलींना विचारतात?”

“विचारत नाहीत, हाच तर माझा मुद्दा...”

“दादाला कोणी पसंत केलं? स्पृहावहिनीने. तुम्हाला विचारलं होतं?”

चांगदेवरावांनी आठवून पाहिलं. “नंतर सांगितलं.”

“आणि यांना मी पसंत केलंय. तुम्हाला विचारलं? नाही. मग तुम्ही अदलाबदल केली कधी? तुमच्या हातात होतं तरी काय?” ती जरा थांबली. तिचा आवाज खाली आला. “उद्या दादाचं आणि वहिनीचं भांडण झालं, तर मी घर सोडून येणार नाही, पप्पा. यांच्याशी माझं झालं तर येईन. माझ्या कारणाने. ती भाषणं मी पण ऐकलीत... सायकलवर पुढे बसून.”

खालचं मशीन तेवढ्यात थांबलं होतं. चांगदेवरावांनी पाकीट उचलून त्यावरच्या बाबासाहेबांकडे एकदा पाहिलं.

“म्हणजे दोन्ही वेळेला आम्हाला कोणी विचारलंच नाही.”

“दोन्ही वेळेला.”

“मग ते आटा-साटा होत नाही,” ते म्हणाले. त्यांना हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं, पण हायसं जरा जास्त. “त्यात बापाला काहीतरी किंमत असते.”

“माझंही पहिल्यापासून हेच मत होतं,” मनोरमाबाई म्हणाल्या. मग त्या संबोधीजवळ गेल्या आणि तिच्या गालावरचा शाईचा ठिपका पदराने पुसू लागल्या. तो निघाला नाही. “राहू दे. याच्याही हाताचा निघत नाही.”

एकच अट पडली. दोन लग्नांमध्ये वर्षाचं अंतर हवं, म्हणजे लोकांना हिशोब जुळवायला सोपं जाणार नाही. मग दोघं व्याही-विहीण जिना उतरून एका रिक्षात बसले. पुढारलेल्या विचारांबद्दल त्यांच्याकडे आता दुप्पट मजकूर होता.

वर पुष्कर अजून जिन्याच्या तोंडाशीच उभा होता. एक पाय पायरीवर होता, तो त्याने उचलून आत घेतला.

“संबोधी, एक राहिलंच.”

“आता काय? हिरवा रंग पास झालाय.”

“ते नाही. तुम्ही पसंत केलं, काकांनी मान्य केलं, आईने वर्षाची अट घातली... या सगळ्यात मलाही कोणी विचारलं नाही.”

मुद्दा बरोबर होता. संबोधी कानापर्यंत लाल झाली, आणि रंगाचा जाणकार असूनही पुष्करला त्यात काही कमी-जास्त वाटलं नाही.

“विचारू?” ती म्हणाली.

“विचारा ना.”

“माझ्याशी लग्न कराल?”

“हो,” तो म्हणाला. आणि मग, हे पुरेसं झालं नाही असं वाटून, “कधीपासून हो.”

थोडा वेळ दोघं नुसते हसत राहिले. मग संबोधीचं हसू अचानक ओसरलं.

“वहिनीला कोण सांगणार?”

पुष्करने खिशातून फोन काढला. कोणीही, काहीही, नवीन काढायचं नाही. चांगदेवराव झाले, आई झाली. पण ताईपुढे त्या दोघांचं काय घेऊन बसलात.

“तुमची बहीण. तुम्ही सांगा.”

“तुमची वहिनी. तुमचं ऐकेल.”

“मी तर मुलाकडची आहे...”

फोन मध्ये ठेवून ते त्या कागदाच्या गठ्ठ्यावर शेजारी शेजारी बसले. खाली मशीन पुन्हा चालू झालं. पत्रिका कापल्या जात होत्या. फोन करणं फार गरजेचं होतं, यावर दोघांचं एकमत होतं. दुपार झाली तरी फोन तिथेच होता, आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नव्हतं.