दोन तळव्यांचा भार

दिवा मोठा करायची गरज नाही. हे भर दुपारी घडलं, तेही रविवारी. शनिवारी आम्हा बेने इस्रायलींत काम करत नाहीत, म्हणून मशीनचे बोर्ड दुरुस्त करणारी माझी पुतणी आदिना रविवारी कळंबोलीला निघाली आणि वहिनीने मला सोबत धाडलं. लोखंड बाजारात पोरीने एकटीने जायचं नाही म्हणे. माझ्यासारखा निवृत्त कारकून तिचं रक्षण कशाने करणार, हे कोणी विचारलं नाही.

विनायकशेठच्या शेडमध्ये पत्रा वाकवणारा मोठा प्रेस होता. कामगाराने दोन्ही तळवे दोन पॅडवर दाबायचे, मग पायाने पेडल. तरच वरचा जबडा खाली येणार. हात पॅडवर आहेत म्हणजे जबड्यात नाहीत, इतकं साधं. तरीही महिन्यापूर्वी इथल्याच कामगाराचे, धर्मराजचे, दोन्ही हात आत असताना पेडलवर पाय पडला, जबडा आला आणि तो तिथेच रक्त जाऊन मेला. उद्यापासून त्या जागी, आत्ता तिथेच घुटमळणारा त्याचा भाऊ जगन उभा राहणार होता.

पॅडच्या तारा जिथे शिरतात तो हिरवा बोर्ड आदिनाने लॅपटॉपला जोडला आणि कपाळाला हात लावला.

"काका, हा बोर्ड दोन पॅड वेगवेगळे वाचतच नाहीये. डाव्यातून उजवा वजा करून फक्त फरक वाचतोय. फरक शून्य, म्हणजे दोन्ही हात सारखे दाबलेत, असं धरलंय."

"मग?"

"दोन्ही हात काढले तरी फरक शून्यच ना!"

कारकुनाला वजाबाकी तेवढी कळते.

"आधीचा इंजिनियर गाढव होता," विनायकशेठ म्हणाले. "तुम्ही नीट करा ताई. न्हावा शेव्याला माल जायचाय."

आदिनाने सेटिंग बदललं. आता प्रत्येक पॅड स्वतंत्र वाचला जाणार होता. बोर्डावर एक आणि दोन नंबरला पॅड होते, तीन आणि चार नंबरच्या जागा रिकाम्या होत्या. त्या तिने तारेने अर्थिंगला बांधल्या, म्हणजे त्या कायम शून्यावर राहतात. मोकळ्या सोडल्या तर शेजारचं काहीबाही उचलतात म्हणे. थोडक्यात, आमच्या जुन्या ऑफिससारखंच.

पडद्यावर चार रेघा आल्या, जितका भार तितकी रेघ वर. तीन आणि चार तळाशी. एक आणि दोन मात्र वर, अगदी सारख्या.

पॅडजवळ कोणी नव्हतं.

रेघा संथ वरखाली होत होत्या, दमलेला माणूस टेकून श्वास घेतो तशा. तापलेल्या तेलाच्या वासात काहीतरी आंबूस मिसळलं.

"म्हणजे हा भार आधीपासून होता..." आदिना पुटपुटली. "वजाबाकीत दिसत नव्हता."

"दादा असाच रेलून उभा रायचा," जगन हळूच म्हणाला. "शेठ, मी नाय उभा रानार."

"का? दादा चावतो?" शेठनी बाह्या सरसावून दोन्ही हात जबड्यात घातले. "मेलेल्या माणसाला मी हजेरी लावत नाही. हे बघ, माझे हात इथे. पॅड रिकामे. आता पेडल दाबलं तरी—"

"शेठ, नको! मशीनला पॅडवर हात दिसतायत...!" आदिना ओरडली.

त्यांनी पेडल दाबलं.

ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. रक्त माझ्या चष्म्यावर उडालं. जबडा पुन्हा वर गेला तेव्हा शेठ मागे कोसळले. त्यांचे हात मात्र आले नाहीत. ते पत्र्यावरच होते आणि बोटं अजून मिटत होती. जगनने मेन स्विच पाडला. मशीन थांबलं, किंकाळी थांबली नाही.

चौकशीला लागेल म्हणून आदिनाने बोर्ड काढून नवीन पनवेलला आपल्या घरी नेला. मी हॉस्पिटलमध्ये थांबलो. संध्याकाळी शेठ शुद्धीवर आले. कोपरांशी पांढऱ्या बँडेजचे दोन गोळे, त्यापुढे चादर सपाट.

"इनॉकसाहेब... त्याला सांगा ना..."

"कोणाला?" मी विचारलं.

"माझ्या हातांवर हात ठेवून दाबतोय... दोन्ही... सोड म्हणावं..."

कुठले हात, असं विचारायचं माझ्या जिभेवर होतं. आयुष्यात पहिल्यांदा जीभ आवरली. तेवढ्यात आदिनाचा फोन आला.

"काका, बोर्ड टेबलावर आहे. एकही पॅड जोडलेला नाही. एक आणि दोनच्या रेघा तळाशी गेल्यात."

"सुटलो म्हणायचं."

"तीन आणि चार वर आल्यात... अर्थिंगची तार तशीच आहे. आणि भार दुप्पट आहे, काका. एका हातावर दुसरा ठेवल्यासारखा."