भिगवणच्या करवलीचं माप

"ओ ताई, जरा सुई-दोरा मिळंल का?"

वैष्णवीनं मशीनवरून मान वर केली. दुकानाच्या दारात एक माणूस उभा होता आणि त्याच्या पांढऱ्या शुभ्र शर्टाची उजवी बाही खांद्यापासून उसवून लोंबत होती. एसटीतून उतरताना दाराच्या खिट्टीला अडकली म्हणे.

"हितं लेडीजचंच शिवतात दादा. पाटी वाचली न्हाय का?"

"वाचली की. पण चौकातला टेलर जेवायला गेलाय, आन् मला दोन वाजता..." तो अडखळला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मुलगी बघायला जायचंय."

आता याला काय म्हणावं! वैष्णवीला हसू आलं. ओठ दाबून तिनं मापं घ्यायच्या कोपऱ्यातल्या पडद्याकडं बोट केलं. "आत जा. शर्ट बाहेर द्या."

तो पडद्यामागं गेला आणि वैष्णवीची सहा वर्षांची छकुली पट्टी घेऊन पडद्यापुढं पहाऱ्याला उभी राहिली. "बाहेर यायचं न्हाय हां काका. आई रागवंल."

"न्हाय बाई. असा कुठं जातोय मी?"

बाही शिवून, इस्त्री फिरवून वैष्णवीनं शर्ट आत दिला. बाहेर आल्यावर त्यानं शिवण उलटसुलट करून पाहिली आणि तो नुसता बघतच राहिला. किती द्यायचे विचारलं, तर ती म्हणाली, "मुलगी पसंत पडली तर तिची लग्नाची नऊवारी माझ्याकडं टाका. झालं."

तो गेल्यावर छकुली म्हणाली, "आई, तू हसलीस."

खरंच की. ही गोष्ट लेकराच्या ध्यानात यावी, इतके दिवस झाले होते तर.

चार वर्षांपूर्वी सोमेश्वरनगरच्या रस्त्यावर अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर दीपकची मोटरसायकल आदळली आणि वैष्णवी पंचविसाव्या वर्षी विधवा झाली. पोरीला घेऊन ती बारामतीत आली. सारजाकाकूंच्या बांगड्यांच्या दुकानाला लागून एक गाळा मिळाला, तिथं मशीन टाकलं. शिवलेल्या नऊवारीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. काष्टा असा बसायचा, की नवरी खुशाल नाचली तरी चुणी हलायची नाही. पार इंदापूर-भिगवणहून नवऱ्या यायच्या.

नवरीबरोबर करवल्यांचेही कपडे यायचे. नवरीमागं कलश घेऊन उभ्या राहणाऱ्या त्या चिमण्या पोरी! त्यांच्या नऊवाऱ्या, परकर-पोलकी छकुलीच्या अंगावर घालून बघायची वैष्णवीची पद्धत. उभी राहा, वळ, काढ. पोर टाचण्या लावेस्तोवर श्वाससुद्धा जपून घ्यायची आणि मग मुकाट्यानं सगळं उतरवून द्यायची. स्वतः मात्र ती कधीच करवली झाली नव्हती. करवली घरची लागते, आणि सासर काय माहेर काय, कार्याचा निरोप वैष्णवीला कार्य उरकल्यावरच यायचा.

दहा-बारा दिवसांनी तो माणूस पुन्हा दारात. या वेळी बाही धड होती आणि सोबत एक तरतरीत मुलगी होती.

"ही माझी बहीण, राजनंदिनी. मी अविराज. निमगाव केतकीचे आमी, डाळिंबाची बाग हाय."

"आन् ती मुलगी? पसंत पडली?" वैष्णवीनं विचारलं.

राजनंदिनी खळखळून हसली. "अहो, ह्यानं तिथं पोहे खाता-खाता बाहीच दाखवली सगळ्यांना! म्हणं शिवण दिसती का बघा. निरोप आला, मुलगा चांगला हाय, पण जरा अर्धवट वाटतो."

"शिवण चांगली होती, त्याला मी काय करू?" अविराज कापडाच्या गठ्ठ्याकडं बघत म्हणाला.

लग्न राजनंदिनीचं होतं, महिन्यावर आलेलं. मामाकडच्या पिवळ्या साडीची नऊवारी शिवायची होती आणि दोन करवल्यांच्या छोट्या नऊवाऱ्या. करवल्यांच्या रंगावरून बहीण-भावाचं जुंपलं. तिला पोपटी हवा, त्याला डाळिंबी. शेवटी अविराजनं छकुलीला उचलून गल्ल्याच्या टेबलावर बसवलं. "तू सांग. तुला कुठला?"

छकुलीनं आईकडं बघितलं आणि हळूच डाळिंबी रंगावर बोट ठेवलं.

"ठरलं मग. एक स्वराली, आमच्या चुलतबहिणीची. तिचा मापाचा फ्रॉक आणलाय. आन् दुसरी..." त्यानं कमरेपाशी हात धरला. "एवढी असंल."

"हाताच्या मापावर मी शिवत न्हाय दादा."

"मग छकुलीच्या मापाची शिवा. तेवढीच हाय ती. भिगवणची हाय."

राजनंदिनीनं भावाकडं चमकून पाहिलं. वैष्णवीनं वहीत लिहिलं, भिगवणची करवली, माप छकुलीचं. मग एकदम तिच्या लक्षात आलं, की आज आल्यापासून या माणसानं तिला एकदाही ताई म्हटलं नव्हतं. तिनं पेन्सिल उगाचच पुन्हा तासली.

"शुक्रवारी कात्री लावते," ती म्हणाली. "लग्नाच्या कपड्याला पहिला टाका सवाशिणीचा असतो माझ्याकडं. घरची कुणी आणा, न्हायतर आमच्या सारजाकाकू घालतात."

"तुमी का न्हाय घालत?" अविराजनं विचारलं.

वैष्णवीनं मापाची टेप बोटाला गुंडाळली. "एका नवरीच्या आईनं शिवलेलं ब्लाउज तोंडावर टाकलं होतं माझ्या. पांढऱ्या पायाच्या बाईचा हात लागला म्हणं. तवापासून... टाका सवाशिणीचा, पुढचं माझं. कुणी बोलायला नको."

 जाताना तो दारापाशी बराच वेळ चप्पल शोधत राहिला, चप्पल पायापाशीच होती.

शुक्रवारी राजनंदिनी आली ती प्रयागआत्याला घेऊन. मागं अविराज होताच, हातात डाळिंबाची पिशवी. आत्या साठीच्या, कोरं कपाळ, अंगभर पदर. आई-बाप लवकर गेले, तर या दोघा भावंडांना आत्यानंच वाढवलेलं. दुकानात येऊनही त्या उंबऱ्याला टेकूनच उभ्या राहिल्या.

वैष्णवीनं कात्रीला हळद-कुंकू लावलं, पिवळं कापड पसरलं, कापलं आणि सुई ओवून हाक मारली, "काकू, या हो!"

"काकू नको," राजनंदिनी म्हणाली. "पहिला टाका आत्याच्या हातचा पाहिजे मला."

आत्या दोन पावलं मागं सरकल्या. "येडी का खुळी तू? तुझ्या बापाच्या लग्नाला मी मांडवाच्या बाहेर उभी राहिले व्हते. सख्ख्या भावाचं लगीन मी कनातीच्या फटीतनं बघितलं. आन् तुझ्या कापडाला हात लावू? काय वाईट झालं तर जन्मभर मलाच खाईल ते."

राजनंदिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. दारात सारजाकाकू येऊन थबकल्या होत्या. सुई वैष्णवीच्या हातात होती. काकूंकडं द्यायची आणि मोकळं व्हायचं, इतकं सोपं होतं. पण तिचा हात काही केल्या तिकडं वळेना.

"आत्या," ती म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला अनोळखी वाटला, "पोरीला ताप आल्यावर कपाळावर पट्ट्या कुणी ठेवल्या?"

"मीच. दुसरं व्हतं कोण?"

"तवा कुठं वाईट झालं तुमच्या हातानं? या हिकडं. बसा माझ्या खुर्चीवर."

आत्या बसल्या. हात असा थरथरत होता, की कापडात सुई जाईना. एकदाची गेली. टाका वाकडा पडला, दुसरा त्याहून वाकडा. आत्यानं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि त्या हुंदके देऊन रडल्या. राजनंदिनीनं त्यांना घट्ट मिठी मारली. वैष्णवीनं तो वाकडा टाका उसवला नाही. पुढची सगळी शिवण त्याला धरूनच घेतली.

निघताना आत्यानं तिच्या कोऱ्या कपाळाकडं बघितलं. "मला शिकवलंस. आन् तुझा हात गं कुठं अडतो?"

वैष्णवी खाली पडलेल्या टाचण्या वेचू लागली. मान वर केली तर अविराज तिच्याकडं बघत होता. लपून नाही, चांगला सरळ. तिनंच नजर खाली घेतली.

मग निमगावच्या बागेला बारामतीत काय-काय कामं निघाली म्हणता! कधी खत, कधी ठिबकच्या नळ्या. आणि दर वेळी वाटेत हे दुकान.

"दादा, आत्यांच्या ब्लाउजचे हुक तर परवाच नेले तुमी."

"पडले वाटेत."

"सगळे?"

"पिशवीला भोक हाय." मग जरा थांबून, "तुमी दादा म्हणायचं कधी सोडणार?"

"का? खुपतंय?"

"खुपतंय," तो म्हणाला. थट्टा नव्हती ती. मशीनचा पट्टा सुटला नव्हता, तरी वैष्णवी तो बसवायला खाली वाकली.

लग्नाच्या चार दिवस आधी तो कपडे न्यायला आला. पिवळी नऊवारी घेतली, स्वरालीची घेतली. डाळिंबी रंगाची दुसरी छोटी नऊवारी तशीच टेबलावर ठेवली.

"अहो, भिगवणची राहिली!"

"भिगवणला आमचं कुणी न्हाय," तो हळू आवाजात म्हणाला. "मासे खायला जातो तेवढंच."

तिला कळायला एक क्षण लागला. मग ती अशी भडकली की बास. "लेकरानं तीनदा अंगात घातली ती! तीनदा काढून दिली! भिगवणच्या पोरीला छान दिसंल म्हणत व्हती. मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर न्हाय म्हणला असता तुमी."

"म्हणलेच असते! करवली घरची लागती. एवढं कळत न्हाय तुमाला?"

"कळतंय. म्हणूनच आणलंय कापड." त्यानं टेबलाची कड धरली. "चुकलं माझं. आत्या पण बोलली, मुक्यानं कापड ठेवून येऊ नको, तोंडानं विचार. तर विचारतो... तुमी दोघी माझ्या घरी याल? कायमच्या?"

बाहेरून उसाच्या गाड्या घरघरत गेल्या. तो आवाज आला, की चार वर्षं तिच्या हातातलं काम थांबायचं. आजही थांबलं. तिला दीपक आठवला, त्याचं हसणं आठवलं, आणि या माणसाची वाट बघत आपण रोज दाराकडं बघतो, तेही आठवलं. तिला आपलीच शरम वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

"गाव नावं ठेवील तुमाला. माझं काम जाईल, बघा. नवऱ्या यायच्या बंद होतील."

"आत्ता काय सांगू नका. रविवारी साडेबाराचा मुहूर्त हाय. छकुली करवली म्हणून आली, तर मला कळंल. न्हाय आली, तरी कळंल... अन् त्यावर पुन्हा एक शब्द काढणार न्हाय मी."

तो गेला. पैज ना शपथ, पण आता रविवार टळणार नव्हता. भर मांडवात कुणाची पोर करवली म्हणून उभी राहिली, हे शंभर जण विचारणार होते.

शनिवारी दुपारी छकुलीनं ती नऊवारी नीट घडी घालून पिशवीत भरली. "आई, भिगवणच्या मुलीला उशीर होईल. द्यायची ना तिला?"

वैष्णवीनं पिशवीतून नऊवारी बाहेर काढली. "ये हिकडं. घालून बघ एकदा."

"पुन्हा काढायची?"

"घाल तर."

महिन्याभरात पोर वाढली होती. नऊवारी बोटभर आखूड झालेली. खाली नवीन काठ जोडावा लागणार होता. वैष्णवीनं काठ कापला, सुई ओवली, आणि सवयीनं तोंडातून निघालं, "काकू..."

"आले गं!" सारजाकाकू गिऱ्हाईकाच्या हातात अर्ध्या भरलेल्या बांगड्या सोडून दाराशी आल्या.

वैष्णवीनं सुईकडं बघितलं, छकुलीकडं बघितलं.

"राहू द्या काकू," ती म्हणाली. "ह्याला मीच घालते."

काकू दाराशीच थांबल्या. वैष्णवीनं काठ धरून पहिला टाका घातला. तो सरळ पडला.

रविवारी निमगाव केतकीत बस जरा उशिरानंच पोचली. सनई चालू होती, मांडवात माणसं मावत नव्हती. कमानीपाशी येऊन वैष्णवी थांबली. छकुलीचा ओचा नीट केला, नथ दाबून बसवली. "जा. आत स्वराली असंल, तिच्याशेजारी उभी राहा."

"आन् तू?"

"मी हाय हितंच."

डाळिंबी रंगातली ती एवढीशी पोर गर्दीतून वाट काढत निघाली. मांडवात अविराज अक्षतांचं ताट घेऊन वाटत फिरत होता. अंगात तोच पांढरा शर्ट. त्यानं छकुलीला पाहिलं आणि ताट कलंडलं, निम्म्या अक्षता पाहुण्यांच्या पायांवर. कुणीतरी ओरडलं, "अरे, लक्ष कुठंय तुझं?" त्याचं लक्ष कमानीकडं होतं. भरल्या मांडवात हा बाप्या डोळे पुसत होता आणि त्याला कशाची लाज नव्हती.

"ही कुणाची गं पोर?" एका बाईनं मोठ्यानं विचारलं.

"आमच्या घरची करवली हाय," प्रयागआत्यांचा आवाज आला. पार पुढून, नवरीच्या पाठीमागून. छकुलीच्या हातात कलश देऊन आत्या गर्दीतून चालत कमानीपर्यंत आल्या. नवं लुगडं, कपाळ कोरंच, पण आज मान ताठ होती.

"बाहेर का उभी तू?" त्या वैष्णवीला म्हणाल्या. "चल. मी पण आतच हाय आज."

वैष्णवीनं चपला काढल्या आणि ती आत गेली.