मानुएल बगळ्याची जागा

ही गोष्ट रात्रीची नाही. भर दिवसाची आहे.

आणि खरी आहे. जिच्या बाबतीत घडली ती ओतिलिया इथेच, लिस्बनला, आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. तिची लाल गाडी खाली उभी असते. गाडीच्या मागच्या सीटवर कुणी बसत नाही.

मार्चमधला शनिवार होता. ओतिलिया आईला कायमचं घेऊन यायला नाझारेला, किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावी, गेली होती. इस्पितळातली रात्रपाळी संपवून, न झोपता, तशीच गाडीत बसली होती.

तिची आई देओलिंदा नाझारेच्या उतारावरच्या घरात एकटीच राहायची. त्या हिवाळ्यात ती जिन्यावरून दोनदा पडली. दुसऱ्या वेळी रात्रभर तशीच पडून होती. पुन्हा पडली तर काय होईल, ते दोघींनाही ठाऊक होतं.

देओलिंदा यायला तयार झाली, पण एक अट घालून.

"तुझा बाप आला तर मी येते. नाही आला, तर मला परत आणून सोडायचं."

बाप समुद्रात गेला त्याला कित्येक वर्षं झाली होती. होडी सापडली होती. तो सापडला नव्हता.

ओतिलियाने वाद घातला नाही. वाद घालायलाही अंगात जीव लागतो.

हमरस्ता नको, असं देओलिंदाने बजावलं. किनाऱ्याकिनाऱ्यानेच जायचं, कारण त्याला आतले रस्ते माहीत नाहीत. शिवाय वाटेत गाव आलं, पाणी दिसलं, की तो उतरणारच. मग वाळूवर जाऊन हाक मारायची आणि पुन्हा गाडीत बसवायचं. तिच्या सासूने तिला असंच शिकवलं होतं.

मागच्या सीटवर गाद्या, भांडी, कुंड्या आणि सुकवलेल्या बांगडा माशांचं बोचकं भरलं होतं. देओलिंदा पुढे बसली. तिच्या पाठीमागे एकाच माणसापुरती जागा तिने रिकामी ठेवली. तिथे साधी पिशवीही ठेवू दिली नाही.

निघण्याआधी ती नाझारेच्या वाळूवर गेली आणि ओरडली, "मानुएल बगळ्या, चल रे! निघतोय आम्ही!"

नाझारेत निम्मे पुरुष मानुएल. त्यामुळे माणूस ओळखायचा तो टोपणनावाने. ओतिलियाचा बाप लांब पायांचा, म्हणून बगळा.

गाडी सुरू झाली. काहीच झालं नाही.

वाटेतल्या पहिल्या गावी, साओ मार्तिन्योला, दोघी उतरल्या. तिथला समुद्र वाटीतल्या पाण्यासारखा शांत. देओलिंदाने चपला काढल्या, पाण्यात पाय बुडवून हाक मारली आणि परत येऊन बसली. ओतिलियाने किल्ली फिरवली.

आणि मागून आवाज आला...

टक. टक.

बोटाच्या पेराने लाकडावर वाजवावं तसा.

ओतिलियाचा हात किल्लीवरच राहिला. समुद्रावरून घरी आल्यावर बाबा असंच दार वाजवायचे. दोनदाच. मग थोडं थांबायचे.

भांडी आदळली असतील, असं ती म्हणाली. देओलिंदाने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"पाय आवरून बस," ती मागच्या जागेला म्हणाली. "कुंड्या आहेत तिथे. आणि पोरीच्या गाडी चालवण्याला हसू नकोस. रात्रभर झोपलेली नाही ती."

टक. टक.

पुढच्या गावी कॉफी घेताना ओतिलिया एकटीच गाडीपाशी गेली. मागची सीट चाचपून पाहिली.

ओली होती.

वास येत होता... भिजलेल्या दोराचा आणि बाबांच्या स्वस्त तंबाखूचा. ती तिथेच दाराला टेकून उभी राहिली. भीती वाटली नाही. कितीतरी वर्षांनी कुणी मोठं माणूस घरात आल्यासारखं वाटलं. आता आई राहील, एवढंच तिच्या मनात आलं.

मग पेनिश आलं, मच्छीमारांचं मोठं बंदर.

वारा सुटला होता. समुद्रावरून धुकं सरकत येत होतं. वाळू खोल, आणि देओलिंदाचे पाय आता उचलेनात.

"तू जा," ती म्हणाली. "तुझ्या हाकेलाही येईल तो."

नीट कसं बोलवायचं, ते तिने सांगितलं नाही. नाझारेच्या मुलीला ते काय सांगायचं?

ओतिलिया वाळूत उतरली. डोळे मिटत होते. थोड्या अंतरावर लाटांवर खेळणारी तरुण मुलं फळ्या काखोटीला मारून उभी होती. त्यांच्यासमोर 'बगळ्या' म्हणून ओरडायची तिला लाज वाटली. आणि इतकी वर्षं लिस्बनला राहून, प्रत्येक कागदावर बापाचं एकच नाव लिहायची तिला सवय झाली होती.

तिने तेच नाव घेतलं.

"मानुएल! चला, घरी जाऊ."

लाटांचा आवाज क्षणभर थांबल्यासारखा झाला...

मग धुक्यात ओल्या वाळूवर पावलं वाजली. जड. पाय ओढत टाकलेली.

ती मागे न बघता गाडीकडे आली.

गाडी निघाली. एक वळण गेलं. दुसरं गेलं.

टकटक झाली नाही.

"काय रे, रुसलास?" देओलिंदाने विचारलं.

मागून काही नाही.

तंबाखूचा वास गेला होता. आता कुजलेल्या शेवाळाचा येत होता. आणि गार हवा मानेवर लागत होती. काचा तर बंद होत्या.

मग मागे कुणीतरी खोकलं...

ओला, खोल खोकला.

देओलिंदाचा चेहरा उतरला. तिने समोर रस्त्याकडे बघतच विचारलं.

"तू कोणतं नाव घेतलंस?"

"बाबांचं. मानुएल."

"कोण मानुएल?"

ओतिलियाने गाडीचा वेग कमी केला.

"अगं पोरी, पेनिशच्या वाळूत उभं राहून नुसतं मानुएल? बुडालेलं अर्धं बंदर उठून येईल."

देओलिंदाने गाडी पेनिशला परत वळवायला सांगितलं. ओतिलियाने रस्त्याच्या कडेला थांबवली. धुक्यात पुढचं काही दिसत नव्हतं. रात्री पुन्हा कामावर जायचं होतं. स्टिअरिंगवर डोकं टेकून ती एवढंच म्हणाली, "आई, मी फार थकलेय गं."

मागे पाणी ठिबकत होतं.

मग देओलिंदाने अंगावरची काळी शाल काढली आणि हात मागे नेऊन त्या जागेवर पसरली.

"चल," ती म्हणाली. "तोही थकलाय. हाक मारून बोलावलंय, आता रस्त्यावर कसा उतरवायचा?"

वाटेतल्या एरिसेरा गावी त्या हाक मारायला थांबल्या नाहीत.

देओलिंदा लिस्बनला राहिली. परत जायचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. खिडकीपाशी एक खुर्ची तिने वेगळी ठेवली आहे. तिच्याखालची फरशी रोज पुसावी लागते. संध्याकाळी ती त्या खुर्चीशी बोलत बसते. लहान मुलाला शिकवावं तशी, न रागावता, तेच तेच पुन्हा सांगते. दार असं वाजवायचं. दोनदा. मग थोडं थांबायचं.

"कशाला शिकवतेस त्याला?" ओतिलियाने एकदा विचारलं.

"त्याला कुणी शिकवलेलं दिसत नाही," देओलिंदा म्हणाली. "आणि मला ऐकायला बरं वाटेल."

सुट्टीच्या दिवशी ओतिलिया पेनिशला जाते. वाळूवर उभी राहून मोठ्याने हाक मारते, मानुएल बगळ्या. कोण बघतंय याची आता तिला लाज वाटत नाही. बाबा तिथेच उतरले होते. तिथेच वाट बघत असतील.

कितीतरी सुट्ट्या रिकाम्या गेल्या.

मागच्या रविवारी दुपारी तिने हाक मारली. किनाऱ्यावर एक जुनी होडी पालथी घातलेली होती. आसपास कुणी नव्हतं.

आणि त्या होडीवर...

टक. टक.

मग थोडं थांबणं.

ती पळत गाडीपाशी आली. बाबांना बसायला मागचं दार उघडून धरलं.

सीट आधीच ओली होती.

ती दार धरून उभी राहिली. शेवाळाचा वास आला. मागे वाळूवर कुणीतरी येऊन थांबल्यासारखं वाटत होतं.

आणि गाडीच्या आतून, सावकाश, जपून, नुकतंच शिकल्यासारखं...

टक. टक.

होडीवर बाबा होते की गाडीतला हाच, ते तिला अजून माहीत नाही. त्या दिवशी तिने दार तसंच लावलं आणि घरी आली. आईला काही सांगितलं नाही.

येत्या रविवारी जायचं की नाही, हे ती मला काल जिन्यात विचारत होती.