नऊ दिवस बंद दार

“जावयानं तोडलंय,” घड्याळजी म्हणाले. “लेकीचा या घराशी उरलेला शेवटचा धागा.”

धागा फडताळात होता. जुन्या कॉम्प्युटरचा केलेला सर्व्हर, शेजारी घड्याळदुरुस्तीचे चिमटे आणि भिंगं. आत घड्याळजींच्या गेलेल्या बायकोचा आवाज, एक्केचाळीस फायली. परगावी असलेली लेक इंटरनेटवरून त्या ऐकायची. नऊ दिवस त्या बाहेरून उघडत नाहीत, असं घड्याळजींचं म्हणणं.

मास्तरांनी वही काढली. खासगी तपास बाईंचा. मास्तरांकडे लिहिणं, आणि भलत्याच माणसावर संशय घेणं.

घड्याळजींनी घरच्या वायफायवर फोन चालवून दाखवला. सर्व्हरचा घरातला पत्ता टाकला, आवाज लागला. बाहेरचा टाकला, नुसतं चाक फिरत राहिलं.

“लेकीकडेही असंच?” बाईंनी विचारलं.

“असंच. मीच फोन केला. म्हटलं, बंद पडलंय ना गं? म्हणाली, हो बाबा.”

*जबाब पहिला. राउटर बसवणारा.*

“जुना जळाला, नऊ दिवसांपूर्वी नवा लावला. सर्व्हरकडे जायची वाट होती तशी आखून दिली. गल्लीत जाऊन माझ्या फोनवर बघितलं, उघडलं. आता आणखी काय, शपथ घेऊ?”

*जबाब दुसरा. जावई, फोनवर.*

“सर्व्हर मीच उभा केला, मीच कशाला तोडू? आधी ती रोज ऐकायची, रोज रडायची. दोन महिने झाले, विषय काढत नाही. मीही काढत नाही.”

“हाच!” मास्तर कुजबुजले. “रडणं बघवेना, दार लावलं.”

बाईंनी सर्व्हरची, कोण कधी आलं त्याची नोंदवही पडद्यावर उघडली. आज सकाळीसुद्धा कुठले कुठले अनोळखी पत्ते पासवर्ड चाचपडत होते. मिनिटाला एक.

“चोर!” मास्तर उठलेच.

“बसा हो. असे भुरटे सगळ्यांच्याच दाराशी असतात.”

*जबाब तिसरा. लेक.*

मास्तरांनी एवढं लिहिलं आणि बाईंनी त्यांचा हात धरला. “हा घ्यायला नको.”

मग त्या घड्याळजींकडे वळल्या. “भुरटे दारापर्यंत पोचतायत, म्हणजे बाहेरची वाट उघडी आहे. तुम्ही बाहेरचा पत्ता घरात बसून तपासलात. जुना राउटर घरच्या माणसाला त्या पत्त्यावरून फिरवून परत आत आणायचा. नवा आणत नाही. बाहेरच्यांना काहीच अडचण नाही.”

त्यांनी घड्याळजींच्या फोनचं वायफाय बंद केलं. मोबाइलच्या नेटवरून तोच बाहेरचा पत्ता टाकला.

“ऊठ गं बाळा,” फोन म्हणाला, “सात वाजले.”

“मग तिलाच कसं उघडत नाही?” हे मास्तरांनी विचारलं. घड्याळजींनी नाही.

बाईंनी नोंद मागे सरकवली. लेकीचा पत्ता शेवटचा दिसला, तो दोन महिन्यांपूर्वी.

“तुम्ही विचारलंत, बंद पडलंय ना? तिनं फक्त हो म्हटलं. उघडून बघितलंच नाही.”

घड्याळजींनी एक चिमटा उचलला. होता तिथेच परत ठेवला.

“ही वाट बंद करता येते?”

“येते. पण का?”

“करून टाका. पोरगी माझ्याशी खोटं बोलली, असं राहायला नको.”

बाईंनी राउटरमधली एक ओळ पुसली.

मिनिट गेलं. नोंदीत भुरटेसुद्धा आले नाहीत.