राजमहालाच्या फळ्या

शेळीने राजगुरूंची दाढी खाल्ली आणि शूटिंग थांबलं.

दाढी बाभळीच्या फांदीवर वाळत घातली होती. शेळीला पाला काय आणि दाढी काय, सारखंच. अंजनी धावत पोचली तेव्हा अर्धी दाढी शेळीच्या पोटात गेली होती आणि उरलेली तोंडातून लोंबत होती.

"ही शेळी तुमची?"

अंजनीने वळून पाहिलं. उंच, सावळा तरुण. हातात ब्रश, आणि कोपरापर्यंत सोनेरी रंग.

"हो... का?"

"तिनं आमच्या राजगुरूंना तरुण करून टाकलं."

अंजनीने ओठ दाबून धरले. हसू आलंच. "बरंच झालं की. एवढ्या उन्हात दाढी कशाला माणसाला?"

"हे जरा आमच्या मॅनेजरना, धर्मराजसाहेबांना, सांगता का? पुढच्याच सीनमध्ये राजगुरू शाप देणार आहेत. गुळगुळीत गालांनी शाप लागत नाही."

१९९२चा मार्च होता. बदलापूरच्या बाहेर, बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला अंजनीच्या काकांचं, नाथाकाकांचं, भाताचं शेत होतं. कापणीनंतर ते रिकामंच असे. त्या वर्षी एका टीव्ही मालिकेने ते भाड्याने घेऊन तिथे राजमहाल उभा केला. रस्त्यावरून पाहिलं तर दगडी वाटे. जवळ जाऊन टिचकी मारली तर रिकाम्या डब्यासारखा वाजे. प्लायवूड, बांबू, गोणपाट आणि वरून प्लास्टर. त्यावरचे हत्ती, कमळं, वेलबुट्ट्या रंगवणारा होता हा सोनेरी हातांचा तरुण. हेमचंद्र. मूळचा सावंतवाडीकडचा, आणि मालिका नेईल तिथे राहणारा.

अंजनी आईसोबत बदलापूरला राहायची आणि उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसायची. त्या दिवशी तिला सुट्टी होती.

"एखादं जुनं पोतं आहे का?" तिने विचारलं.

"पोती पुष्कळ आहेत. का?"

"आणा तर खरं."

ती बाभळीखाली बसली. पोतं उसवून तिने सुतळीचे धागे सुटे केले, केसातल्या फणीने ते विंचरले आणि जाळीच्या कापडावर ओळीने टाचत गेली. धाग्यांचं दुसरं टोक धरायला हेमचंद्रला बसवलं.

"घट्ट धरा."

"धरलंय."

"हलू नका. नाहीतर गुरुजींच्या दाढीला टक्कल पडेल."

तो हलला नाही. बोलत मात्र राहिला. तिच्या बोटांकडे बघत राहिला तेही तिला कळलं, पण तिने मान वर केली नाही. दाढी तयार झाली तेव्हा तिच्यात एक सोनेरी बट उमटलेली होती.

"हा तुमच्या हाताचा रंग."

"असू दे," हेमचंद्र म्हणाला. "राजघराण्यातले गुरू आहेत."

राजगुरूंनी संध्याकाळच्या उजेडात शाप दिला. तो व्यवस्थित लागला म्हणतात.

पुढच्या सुट्टीला अंजनी पुन्हा तिकडे गेली. शेळीला चारायला दुसरीकडे जागा नव्हती असं नाही. महालाच्या मागे ढिगारा साचलेला तिला दिसला. एकदाच वापरलेले पडदे, तुटलेली कमान, रंगाचे डबे, थर्माकोलचे सिंह.

"हे सगळं कुठं जातं?"

"कुठं नाही. शेवटच्या दिवशी महालासकट पेटवतात."

"पेटवतात?" तिने एक पडदा उचलून उन्हात धरला. कुठे विरलेला नव्हता. "अहो, ह्यात चार गोधड्यांचं अस्तर होईल!"

"मग न्या."

"चोरी नाही ना ठरणार?"

"आगीच्या तोंडचं उचललं तर चोरी कशी?"

पडदा घरी आला. आईने, गोजरबाईने, तो दोन्ही हातांनी ताणून पाहिला. "राजाच्या घरचा दिसतोय गो," ती म्हणाली आणि सुई शोधायला लागली.

अंजनी फुकटचं घेणाऱ्यांतली नव्हती. कारखान्यात जीन्सच्या कातरणीचे ढीग पडत. तिने शेठजींना विचारलं. "ले जा बेटी, कचरा ही तो है," ते म्हणाले. पुढच्या खेपेला ती पोतंभर निळी कातरण घेऊन महालात हजर.

"हे काय?"

"तुमचे सैनिक पुठ्ठ्याचं चिलखत घालतात. घामानं लिबलिबीत होतं. मी पाहिलंय."

हेमचंद्रने ते तुकडे खवल्यांसारखे एकावर एक शिवून घेतले आणि वरून चंदेरी रंग मारला. चिलखत झकास झालं. राजाचं सगळं सैन्य जीन्सच्या कातरणीत लढलं आणि टीव्हीवर ते कुणालाही कळलं नाही.

असं सुट्टीमागून सुट्टी चाललं. ती कातरण आणायची, तो तिच्यासाठी ढिगाऱ्यातून काहीतरी बाजूला काढून ठेवायचा — झालर, दोरखंड, एकदा तर राणीचा आख्खा घागरा. आईने करवंदं दिली की ती त्याच्यासाठी पानात बांधून न्यायची. प्रेम वगैरे शब्द अजून कुणाच्या डोक्यात नव्हता. निदान तसं नंतर दोघांनीही सांगितलं.

"तुम्ही रंगवलेलं जळताना बघवतं तुम्हाला?" एकदा तिने विचारलं.

"मी थांबतच नाही. आदल्या दिवशी निघून जातो." तो ब्रश पुसत होता. "इतकी वर्षं रंगवतोय, पण माझ्या हातचं एक दारसुद्धा आज कुठं उभं नाही."

"वाईट नाही वाटत?"

"वाटून काय करायचं? सवय होते."

त्या संध्याकाळी ती नेहमीपेक्षा लवकर घरी गेली.

एप्रिलच्या शेवटी नाथाकाकांचा बैल लंगडू लागला. खुरात खिळा निघाला. काका शेतभर फिरले तेव्हा पावलागणिक खिळे, पत्र्याचे तुकडे, प्लास्टरची ढेकळं. त्यात बातमी आली, शूटिंग संपत आलं, आता महाल जाळणार. शेताला लागून पेंढ्याच्या उडव्या होत्या आणि त्यांच्या पलीकडे वाडीतली कुडाची घरं.

अंजनी तडक हेमचंद्रकडे गेली. "तुम्ही साहेबांशी बोला."

"मी पेंटर आहे. माझं कोण ऐकणार?"

"ऐकतील, न ऐकतील. बोला तरी."

"अंजनी, सेट म्हणजे सेट. तो तात्पुरताच असतो."

"आणि माणसं?"

त्याने मान खाली घातली. कोरडाच ब्रश तो पुसत राहिला.

"ठीक आहे. मीच बोलते," ती म्हणाली.

धर्मराज हे मालिकेचे व्यवस्थापक. खुर्चीत बसून चहा पीत होते. अंजनीच्या मागे नाथाकाका होते आणि वाडीतली ठमी होती.

"काका, तुम्ही लोक शेत भाजताच ना दरवर्षी?" धर्मराज म्हणाले. "मग ह्या जाळण्याचं काय एवढं?"

"राब भाजतो तो शेणाचा नि पाल्याचा," नाथाकाका म्हणाले. "खिळ्यांचा राब आमच्याकडं कुणी भाजत नाय. त्यात भात उगवंल का?"

"बाई, तुम्ही तरी समजून घ्या." धर्मराज अंजनीकडे वळले. "हा महाल उद्या दुसऱ्या कुणाच्या पडद्यावर दिसला, तर निर्माते मला जाळतील. म्हणून सेट ठेवायचा नसतो."

"दिसायला नको, एवढंच ना? मग चित्रं पुसून टाका. खाली उरली नुसती फळी. फळीला कोण ओळखतंय? वाडीतली माणसं स्वतः उकलतील, स्वतः वाहून नेतील. तुम्हाला रॉकेलसुद्धा लागणार नाही."

धर्मराज विचारात पडले. "पुसणार कोण? माझी माणसं उद्यापासून मोकळी."

महालाच्या पायऱ्यांवर हेमचंद्र उभा होता. तो कधी येऊन उभा राहिला ते अंजनीला कळलं नव्हतं.

"मी पुसतो," तो म्हणाला.

चुन्याची बादली घेऊन त्याने सुरुवात केली. आधी हत्ती गेले, मग कमळं, मग दरबारातल्या नर्तकी. हात थांबत नव्हता. तो पुढे पुसत जाई आणि मागून वाडीतली माणसं फळ्या उकलत येत. फळ्या घरांच्या कुडांना गेल्या, बांबू छपरांना. गोणपाट मढवलेले गोल खांब आडवे पाडले तेव्हा ते आतून पोकळ निघाले. बायकांनी ते शेणाने लिंपले आणि भात साठवायच्या कणग्या करून टाकल्या. थर्माकोलचे सिंह तेवढे कुणालाच नको होते. ते ट्रकमध्ये घालून धर्मराजांनाच परत न्यावे लागले.

हेमचंद्र राणीच्या महालाशी आला तेव्हा ठमीने हात आडवा केला. "भाऊ, ह्यो मोर राहू द्या. भिंतीला बरा दिसंल."

हेमचंद्रने धर्मराजांकडे पाहिलं. धर्मराजांनी खुर्ची पाठमोरी वळवली. "मोर कुठल्याही महालात असतो," ते चहाच्या कपात बघत म्हणाले.

मोर वाडीत गेला.

दोन दिवसांनी अंजनी हेमचंद्रला ठमीच्या घरी घेऊन गेली. चुलीमागच्या कुडावर मोर होता. त्याच्या पिसाऱ्यात खुंटी ठोकलेली, खुंटीला कोयता अडकवलेला. धुराने मोराची मान एव्हानाच काळवंडायला लागली होती. ठमीचं धाकटं पोर त्याच्या पायाशी झोपलं होतं.

हेमचंद्र बघत राहिला. बराच वेळ. मग बाहेर येऊन ओट्यावर बसला.

"काय झालं?" अंजनीने विचारलं.

"काही नाही..." त्याने डोळ्यांवरून हात फिरवला. "पिसं थोडी घाईत काढली होती मी. एवढे दिवस राहणार हे माहीत असतं तर नीट काढली असती."

अंजनी त्याच्या शेजारी बसली. पहिल्यांदाच, इतकी जवळ.

सगळे गेले, तरी हेमचंद्र खिळे वेचायला मागे राहिला. अंजनीने कॅम्प दोनमधल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून फुटक्या भोंग्याचं लोहचुंबक मागून आणलं. त्याला दोरी बांधून दोघं शेतातून ओढत निघाली. एक टोक तिच्या हातात, एक त्याच्या. दर थोड्या वेळाने चुंबक उचलायचं. त्याला खिळ्यांची साळिंदरासारखी पिसं फुटलेली असायची. ती डब्यात झाडायची आणि पुन्हा चालायचं.

"अंजनी, मला इथं राहायचंय."

"एक मोर बघून?"

"मोर बघून नाही." तो थांबला, तशी दोरी ताणली गेली. "त्या दिवशी तू विचारलंस, आणि माणसं? मला उत्तर येत होतं. द्यायची भीती वाटली."

"आता नाही वाटत?"

"आताही वाटते. पण... देतोय. तुला सोडून जायचं नाही मला."

तिचे कान तापले. उन्हाने असतील. ती बांधावर टेकली आणि चुंबकाचे खिळे एकेक करून काढत बसली.

"तुमचं पुढचं काम कुठं आहे?"

"कोल्हापूरला. पावसाळाभर. स्टुडिओत."

"मग जा."

"अंजनी —"

"ऐका ना. इथं मी मागे लागले म्हणून जाळलं नाही. तिथं मी नसेन. तिथला सेट मोडेल तेव्हा तुम्ही काय करता, ते मला बघायचंय. मग बोलू आपण."

"आणि तोवर?"

"तोवर मी कुठं पळून चाललेय? कॅम्प तीनला कुणालाही विचारा, अंजनी कुठल्या मशीनवर बसते."

तो गेला. जूनमध्ये नाथाकाकांनी शेत नांगरलं, बैलाने तक्रार केली नाही. भात बरं आलं. अंजनी कारखान्यात खिसे शिवत राहिली. आठवण येत नाही का, असं आईने विचारलं तर ती "कुणाची?" म्हणायची. गोजरबाई पुढे काही विचारत नसे.

दिवाळीच्या आधी, ऐन गर्दीच्या दिवसांत, कारखान्याच्या बोळात आरडाओरडा झाला. बोळ अरुंद, टेम्पो आत येईना. कुणीतरी हातगाडीवर सामान लादून रिक्षावाल्यांच्या शिव्या खात आत येत होतं. मशीनी थांबल्या. अंजनी दारात आली.

हेमचंद्र होता. वाळलेला, दाढी वाढलेली. हातगाडीवर पडद्यांचे गठ्ठे होते, फळ्या होत्या, आणि सगळ्यांच्या वर दोरीने आवळलेलं एक आख्खं दार.

"भांडलात वाटतं तिथं?" ती म्हणाली.

"भांडलो. निम्मं वाचलं. निम्मं जाळलंच त्यांनी."

"निम्मं पुष्कळ आहे." तिने दाराकडे बोट केलं. "पडदे समजले. फळ्याही समजल्या. हे दार कशाला?"

"घराला लागतं."

"घर कुठंय?"

"तेच विचारायला आलोय."

मागे बायका खुसखुसायला लागल्या. शेठजी गल्ल्यावरून मान लांब करून बघत होते. अंजनीने दाराच्या कडीवरून बोट फिरवलं. कडी खरी होती, लोखंडाची.

"आईला विचारावं लागेल," ती म्हणाली.

"त्यांना विचारीन. आणि तुला?"

"मला आत्ता विचारलंत ना."

"मग?"

ती आत गेली, मशीनवरचं काम शेजारणीला दिलं आणि शेठजींना सांगून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बाहेर येऊन तिने पदर खोचला आणि हातगाडीला त्याच्या शेजारी खांदा लावला.

"चला," ती म्हणाली. "बदलापूर लांब आहे, आणि आईला दुपारचं झोपायची सवय आहे."