न झिजलेलं बटण

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तिथे होतो. माझ्या कानांनी ऐकलंय, म्हणून सांगतोय.

आमचं गाव टॉडमॉर्डन. यॉर्कशायरच्या कडेला, डोंगरांच्या बेचक्यात. १९९६चा नोव्हेंबर. रात्र नव्हती, दुपारच होती. पण धुकं इतकं उतरलं होतं की विनीच्या शेडमध्ये दिवा लावावा लागला.

विनी माझी थोरली बहीण. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर नाणी टाकायचे जुने फोन शोधून आणायची आणि दुरुस्त करायची. तोच तिचा संसार.

त्या दिवशी शेडच्या भिंतीवर तसल्याच एका फोनचा काळा लोखंडी डबा टांगलेला होता. बंद पडलेल्या कुठल्याशा खानावळीतून आणलेला. वरचा हिरवा रंग तिने खरवडून काढला होता.

"दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा आहे," ती म्हणाली. "आतलं यंत्रसुद्धा मूळचंच. पण रॉय, ही बटणं बघ."

दोन बटणं. ए आणि बी.

हे फोन कसे चालायचे ते सांगतो. नाणी टाकायची, नंबर फिरवायचा. पलीकडच्याने उचलला की त्याचा आवाज आपल्याला ऐकू यायचा. आपला त्याला नाही. ए दाबलं की नाणी गल्ल्यात पडायची आणि मगच आपला आवाज पलीकडे जायचा. बी दाबलं की नाणी परत.

बी झिजून गुळगुळीत झालं होतं.

आणि ए... अगदी कोरं.

"कुणीतरी वर्षानुवर्षं फोन करत होतं," विनी म्हणाली. "नुसतं ऐकायचं... आणि पैसे परत घेऊन जायचं."

"तुझ्यासारखंच चिकट असणार कुणीतरी."

"तू गप चहा पी."

नाणी नीट सरकतात का बघायला तिने पेनीची जुनी नाणी आत टाकली. रिसीव्हर कानाला लावला.

डब्याची वायर खाली मोकळी लोंबत होती. कशालाच जोडलेली नव्हती. हे मी शपथेवर सांगतो.

विनी एकदम थांबली.

तिने रिसीव्हर माझ्याकडे केला.

आधी नुसती खरखर. मग...

"हॅलो?"

म्हाताऱ्या बाईचा आवाज. दमलेला.

"पुन्हा तुम्हीच ना? रोज फोन करता, बोलत मात्र नाही. आज तरी बोला हो. हर्बर्ट गेल्यापासून मी एकटीच असते घरात... पण ते तुम्हाला ठाऊकच आहे. हो ना?"



विनीने रिसीव्हर परत घेतला. अंगठा ए बटणावर ठेवला.

"विनी, नको."

"घाबरलीय रे ती. जन्मभर मी लोकांना जोडून दिलं. हिला अशीच सोडू?"

तिने बटण दाबलं. नाणी खणखणत खाली पडली.

"हॅलो, मी विनी बोलतेय. घाबरू नका."

मी तिच्या डोक्याला डोकं लावून ऐकत होतो.



मग त्या बाईने सुस्कारा सोडला. सुटका झाल्यासारखा.

"बाई आहात तुम्ही. एकट्याच राहता?"

"हो," विनी बोलून गेली.

"बरं झालं. म्हणजे आता तो मला सोडून तुम्हाला फोन करेल."

खट्.

त्याच संध्याकाळी विनीच्या घरातला फोन वाजला. तिने उचलला. पलीकडे कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच.

मी तो डबा घणाने फोडला आणि भंगारात दिला. तिने नंबर बदलला. मग घरही बदललं, नदीपलीकडे राहायला गेली.

फोन येतच राहिला.

एकदा मी उचलून पाहिला. शब्द नाही. श्वाससुद्धा नाही.

"राँग नंबर असेल," मी म्हणालो.

"मला शिकवू नकोस. लाइन कधी रिकामी असते, ते मला कळतं. ही रिकामी नाही. कुणीतरी ऐकतंय."

"मग वायरच काढून टाकू. चल आमच्याकडे राहायला. तुझ्या भावजयीने, रूथने, खोली तयार ठेवलीय."

तिने नकारार्थी मान हलवली.

"मी नाही उचलला तर तो दुसरा नंबर फिरवेल, रॉय. तुझ्या पोरी दुपारी घरी एकट्या असतात."

आता मी रोज दुपारी तिच्याकडे जाऊन बसतो. फोन वाजला की दोघंही गप्प होतो. ती उठते, उचलते आणि कानाला लावून उभी राहते.

हल्ली ती त्याच्याशी बोलायला लागली आहे. बाजारात काय आणलं, गुडघा किती दुखतो, असलं काहीबाही.

काल मात्र बोलता बोलता मध्येच थांबली, पलीकडून कुणी काही विचारल्यासारखी. माझ्याकडे बघितलं... आणि हळूच म्हणाली,

"नाही. तो माझा भाऊ आहे."